दावणीला होडी

पाटणच्या माणसाला समुद्र पाहायचा तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं, आणि चिपळुणातही समुद्र नाही हे कळल्यावर पुढं गुहागरची गाडी धरायची. एवढं अंतर असूनही वादळात होडी कशी बांधावी या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात मिळणं कठीण. त्यासाठी स्वतःची होडी लागतेच असं नाही. उलट होडी नसेल तर मत अधिक ठाम असतं, कारण ते पाण्यात उतरून तपासायची वेळ येत नाही.

याला कारण कोयना. १०५.२५ टीएमसीचं धरण ज्यांच्या उशाला आहे, त्यांना जुलै महिन्यात दुसरं काही सुचत नाही. सकाळी एसटी स्टँडवर दोन माणसं भेटतात. एक विचारतो, "किती?" दुसरा म्हणतो, "एकोणऐंशी." "आन् काल?" "चौऱ्याहत्तर." दोघंही गंभीर होतात. परगावच्या पाहुण्याला वाटतं, यांच्यापैकी कुणाची तरी साखर वाढलीय. मग पेपर उघडून कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तिघांचे पावसाचे आकडे मोठ्यानं वाचले जातात. नवजानं महाबळेश्वरला मागं टाकलं की ज्याचा नवजाशी काडीचा संबंध नाही त्याचाही ऊर भरून येतो. धरणाची क्षमता बोलता बोलता तुम्ही नुसतीच 'एकशेपाच' म्हणालात, तर पानपट्टीवाला चुन्याचं बोट वर करून "पॉइंट पंचवीस" अशी दुरुस्ती करतो. त्या पाव टीएमसीवर आमचं फार प्रेम आहे.

पण गंमत अशी की धरण आमचं आणि होड्या दुसऱ्यांच्या. भिंत पाटण तालुक्यात, सहा वक्र दरवाजे पाटण तालुक्यात, भूकंपाचे धक्केही मुख्यतः आमच्याच नावावर. पण मागचा फुगवटा, म्हणजे शिवसागर, उत्तरेला जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांत जाऊन पसरलाय. भिंतीजवळच्या पाण्यात सुरक्षेसाठी बोटींना मज्जाव. त्यामुळे बोटीची मजा बामणोलीला, तापोळ्याला, आणि २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झाल्यापासून मुनावळ्याला. वासोट्याला निघालेली शहरातली मंडळी बामणोलीत लाँचमध्ये बसतात, फोटो काढतात आणि "काय नॅचरल लेक आहे!" म्हणतात. लाँचवाला ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्या नॅचरल लेकच्या तळाशी त्याच्या आजोबांचं शेत असतं.

पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना मात्र लाँच म्हणजे एसटी. बाजार, दवाखाना, शाळा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. तापोळ्याला तर तराफ्यावर जीपगाड्याच चढवून पलीकडं नेतात. त्यामुळे रात्री वाऱ्यात होडी सुटून गेली, तर सकाळी सहल रद्द होण्यावर भागत नाही, अख्खं गाव अडकून पडतं. म्हणून होडी नीट बांधणं हा तिकडं छंद नाही, आणि आमच्याकडं निव्वळ छंदच आहे.

सधन देशांत होड्यांच्या मुक्कामाला मरीना असते. तिथं तरंगते धक्के असतात, उंच खांबांना कड्या घालून अडकवलेले. भरती आली की धक्काच होडीसकट वर सरकतो, ओहोटीला खाली बसतो. वादळाची सूचना मिळाली की मालक गाडीतून येतो, दोर दुप्पट करतो, होडीच्या दोन्ही अंगांना रबरी गाद्या लावतो, कापडी छत उतरवतो, विम्याचे कागद सापडतात का ते बघतो आणि घरी जाऊन झोपतो. त्या झोपेचा आम्हाला हेवा वाटतो. पण तिला कारण आहे. समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते, मुंबईकडं चार-पाच मीटर चढते आणि ठरल्या वेळी उतरते. तिचं वेळापत्रक छापून मिळतं. कोयनेची भरती वर्षातून एकदा येते. ती जून-जुलैत सुरू होते, कित्येक मीटर चढते, तिची वेळ पावसाच्या हातात, आणि ओहोटीची वेळ वीज-पाटबंधाऱ्याच्या साहेबांच्या हातात. या दोघांपैकी कुणीही नावाड्याला विचारून काही करत नाही.

आमच्याकडच्या नावाड्यानं मरीना पाहिलेली नसते, म्हैस मात्र पाहिलेली असते. त्यामुळे होडी तो म्हशीसारखीच बांधतो. एक खुंटा, एक दावं, आणि तिला उठता-बसता येईल एवढी ढील. हे ऐकायला सोपं वाटतं. पण म्हशीचा गोठा रात्रीतून डोंगरावर चढत नाही. शिवसागराचा काठ चढतो.

हिशेब करून बघा. तलाव भरत आला की त्याचा पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पसाऱ्यावर एक टीएमसी पाणी आलं, तर पातळी अंदाजे पाऊण फुटानं वाढते. धरण निम्मंशिम्मं असताना पसारा कमी, म्हणून तेवढ्याच पाण्याला चढण जास्त. म्हणजे स्टँडवरचं ते 'चौऱ्याहत्तरचं एकोणऐंशी' तिकडं बामणोलीत चार फुटांच्याही वर जातं. उतार मंद असेल तिथं चार फूट म्हणजे काठ वीस-पंचवीस पावलं मागं. संध्याकाळी कोरड्या जमिनीत पहारीनं ठोकलेला खुंटा पहाटे पाण्याखाली, आणि त्याला आखूड बांधलेली होडी नाक खाली करून उभी. पाणी वर ढकलतंय आणि दोर खाली ओढतोय. अशी होडी वाऱ्यानं बुडत नाही, लाटेनंही नाही. तिला तिच्या मालकाची पक्की गाठ बुडवते.

म्हणून पावसाळ्यात नावाडी झोपतो कमी. अंगावर इरलं किंवा खताच्या पिशवीची खोळ, हातात बॅटरी, पायाला जळवा. रात्री एकदा उठायचं, खुंटा उपटायचा, दहा पावलं वर जाऊन पुन्हा ठोकायचा. शहाणा असेल तर खुंट्याच्या भानगडीत न पडता वरच्या जांभळीच्या बुंध्यालाच लांब दोर नेतो. बुंध्याला आधी गोणपाट गुंडाळतो, म्हणजे साल दोराला आणि दोर सालीला खात नाही. होडीच्या कडेवरून दोर जिथं घासतो तिथं सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा. दुसरा दोर मागच्या बाजूनं, थोडा तिरका, म्हणजे वारा फिरला तरी होडी आडवी होऊन खडकावर बसत नाही. होडी-होडीच्या मध्ये ट्रकचे टायर. मशीन उतरवून घरात, छताची ताडपत्री सोडून गुंडाळलेली, कारण वाऱ्याला धरायला कापड मिळालं की तो होडी सोडत नाही. मरीनातल्या माणसानं लाखभर खर्चून जे केलं, ते इथं भंगारवाल्याकडून होतं.

एका म्हाताऱ्या नावाड्यानं हे सगळं शास्त्र मला एका वाक्यात सांगितलं होतं. "दावं ढिलं सोडावं, पर गाठ ढिली सोडू नये." आमच्या चहाच्या टपरीवरच्या तज्ज्ञांना यातला फक्त उत्तरार्ध पटतो. बांधायचं म्हणजे आवळायचं, ही आमची ठाम समजूत. मोटारसायकलवर सिलिंडर बांधणारा, टेम्पोत कपाट बांधणारा, एसटीच्या टपावर सायकल बांधणारा प्रत्येक जण शेवटी पाय लावून दोर ओढतो आणि वर एक चापट मारून म्हणतो, "आता हलत न्हाई." होडीच्या बाबतीत नेमकं तेच चुकतं. ती हलली पाहिजे. न हलणारी होडी म्हणजे एक तर चिखलात रुतलेली, नाही तर तळाशी गेलेली.

टपरीवर मुख्य पक्ष दोन. खुंटावाले आणि झाडवाले. तिसरा छोटा पक्ष म्हणतो, होडीच काठावर ओढून पालथी घाला, भानगडच नको. बरोबर तोच आहे, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. शिवाय लाँच पालथी घालायला माणसं किती लागतील यावर पुन्हा वाद होतो आणि चहा वाढतो.

वारा नेमका किती, याबद्दल मात्र आमचं मत ग्राह्य धरायला हरकत नाही. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं रानच उभं आहे, ते कंपन्यांनी दृश्य छान दिसतं म्हणून उभं केलेलं नाही. सडावाघापूरला तर धबधबा उलटा वाहतो. कड्यावरून खाली पडायला निघालेलं पाणी वारा मध्येच पकडतो आणि पुन्हा पठारावर आणून टाकतो. ते बघायला पावसाळ्यात हजारो लोक येतात आणि स्वतःच्या छत्र्याही उलट्या करून घरी जातात. ज्या तालुक्यात पाण्याला पडू दिलं जात नाही, तिथल्या माणसाला 'वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता' असली बातमी सांगून काही उपयोग नाही.

पण वाऱ्याच्या नादात सगळे वरच्या पाण्याला विसरतात. मोकळ्या होडीचा सर्वांत मोठा शत्रू लाट नाही, पाऊस आहे. दहा चौरस मीटरची उघडी होडी घ्या. दिवसभरात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्या घाटमाथ्यावर तो आकडा ऐकून कुणी मान वर करून बघत नाही, तर होडीत दोन हजार लिटर पाणी साठतं. दोन टन. म्हणजे रात्री रिकामी बांधलेली होडी सकाळी तीस माणसांचं ओझं घेऊन उभी असते, आणि त्यातल्या एकानंही तिकीट काढलेलं नसतं. त्यात हे पाणी एका जागी बसत नाही. होडी जरा कलली की सगळं त्याच अंगाला धावतं आणि तिला आणखी कलवतं. मरीनातल्या बोटीत बॅटरीवरचा पंप आपोआप सुरू होतो. इकडं तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो, वरचं तोंड कापलेला, आणि तो हलवणारा एक पोरगा. पोरगा झोपला की पंप बंद.

टपरीवर अशी चर्चा रंगली की आमचे चिपळूणकडचे व्याही हटकून बोलतात. व्याही असल्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, तिथं वीज करतं आणि वाशिष्ठीत जातं. त्यामुळे धरणावर निम्मा हक्क आपला, असं त्यांचं म्हणणं. "तुम्हा घाटावरच्या लोकांना होडीतलं काय कळणार?" असं म्हणून ते सुरू होतात. त्यांच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या ओंडक्यांवरून ओढून वाळूच्या वर घ्यायच्या आणि शाकारून ठेवायच्या. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांचं तोंड समुद्राला दाखवायचं नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की ज्या बाहेर असतील त्यांनी खाडी गाठायची. हर्णैच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. देवगडचं बंदर तर इतकं आडोशाचं की वादळाची चाहूल लागली की गुजरात-कर्नाटकच्या नौकाही तिथं येऊन उभ्या राहतात. मग व्याही आंग्र्यांवर येतात, विजयदुर्गाजवळची गिर्ये इथली खडकात खोदलेली गोदी सांगतात, आणि जणू ती त्यांच्या वडिलांनी खोदली अशा थाटात पान जमवायला घेतात.

यावर आमच्याकडून रामचंद्रपंत अमात्य पुढं करण्यात येतात. त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीबद्दल सूचना आहेत. दर्या खवळायच्या आधीच गलबतं सुरक्षित बंदरात आणा, उघड्यावर ठेवू नका, हे तर आहेच. पण दरवर्षी त्याच बंदरात छावणी करू नका, असंही आहे. कारण मोठं व्यवहारी आहे. आरमाराचे लोक कितीही आवरले तरी ज्या गावात मुक्काम करतात त्या गावाला त्यांचा जाच होतोच. तीनशे वर्षांपूर्वी एका अमात्यानं होडीबरोबर खलाशाचाही विचार केला. बोट बांधण्याच्या आजकालच्या सूचनांमध्ये दोराची जाडी असते, कडीचं वजन असतं, पण बोट बांधून झाल्यावर चार महिने रिकामा बसलेला माणूस गावात काय करील, हे कुणी लिहीत नाही.

व्याही फारच चढले तर त्यांना उतरवायला आम्ही एक जहाज राखून ठेवलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा 'बसरा स्टार' नावाचं जहाज रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आश्रयाला होतं. वाऱ्यानं ते मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आणून बसवलं. कित्येक वर्षं ते तिथंच. लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून गेले. एवढा समुद्र, एवढा अनुभव, एवढे नांगर, आणि जहाज बंधाऱ्यावर. "आमची एकही होडी अजून कराडच्या घाटावर जाऊन बसलेली नाही," असं आम्ही नम्रपणे सुचवतो. मध्ये भिंत आहे, हे सांगायची गरज नसते.

भिंतीच्या खालच्या लोकांची तऱ्हा वेगळी. सांगलीच्या आत्याबाई वर्षभर फोन करत नाहीत. ऑगस्टमध्ये दिवसातून तीनदा करतात. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट "किती सोडलंय?" पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. वक्र दरवाजे उघडले म्हटलं की भांडी माळ्यावर जातात. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे त्यांच्या घरातल्या बालवाडीच्या पोरालाही पाठ. २०१९ मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली आणि सांगलीच्या रस्त्यांवरून बोटी फिरल्या. एरवी कृष्णेत होड्यांच्या शर्यती लावणारं शहर ते, तरी होडी गल्लीत आल्यावर बांधायची कशाला, हा प्रश्न नवाच होता. खिडकीचा गज हाताशी, पण पाणी वाढलं की तोच खाली जातो. विजेच्या खांबाला हात लावायचा धीर नाही. 'नो पार्किंग'ची पाटी सोयीची, पण फार बुटकी. शेवटी गच्चीचा कठडाच खरा.

नदीकाठच्या जुन्या माणसांनी तर होडीशिवायही पूर काढलेत. वाळल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी धरून पैलतीर गाठायचा, नाही तर गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून तिच्यात बसायचं. काहिलीला कड्या असतात, त्यामुळे बांधायला ती उत्तम. अडचण एवढीच की तिला नाकही नाही आणि शेपूटही नाही. प्रवाहात बांधली की ती जागच्या जागी गोल फिरत राहते, आणि आत बसलेल्या माणसाला सगळी सांगली आळीपाळीनं दिसते.

ऑक्टोबरात पाऊस थांबतो, तलाव २१६३ फुटांच्या आसपास टेकलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं, आता होडीला बघायला नको. नावाड्याचं दुसरं काम तिथून सुरू होतं. पाणी वीज करायला आणि शेताला जात राहतं, काठ रोज थोडा खाली सरकतो. दोन आठवडे लक्ष दिलं नाही तर होडी उतारावर एका कुशीवर पडलेली, आणि पाणी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. मग चार माणसं बोलवा, ओंडके लावा, ढकला. पावसाळ्यात खुंटा वर न्यायची घाई, उन्हाळ्यात खाली न्यायचा कंटाळा. मे महिन्यात तर बुडालेल्या गावांची जोती उघडी पडतात, आणि क्वचित कुणाची होडी त्याच्याच आजोबांच्या उंबऱ्याजवळ बांधलेली दिसते. घरमालकांना ही व्यवस्था मान्य आहे का, असं विचारायला तिथं कुणी उरलेलं नसतं.

तर मंडळी, पावसाळ्यात बामणोलीला किंवा तापोळ्याला गेलात आणि काठावरच्या होडीचा दोर सैल दिसला, तर आपण होऊन तो आवळू नका. तो सैल राहिलेला नाही, सैल ठेवलेला आहे. हात शिवशिवतच असतील तर होडीत उतरा, तेलाचा डबा तिथंच पडलेला असेल, आणि पाणी उपसायला लागा. नावाडी नको म्हणणार नाही.